तुझी पांढरी, माझी चॉकलेटी आणि मधलं अंगण

मंदा,

काल दुपारी तुझ्या गाडीला गिऱ्हाईक आलं होतं. दोघं होते. एक नुसता मोबाइलवर बोलत उभा राहिला. दुसरा गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारून बघितली आणि सचिनला म्हणाला, "साहेब, हे असलं लांबडं मॉडेल आता कोणी विचारत नाही. सगळ्यांना उंच गाडी पाहिजे." मी माझ्या ओट्यावर गवार निवडत बसले होते. मला राग आला. ज्या गाडीला मी स्वतः इतकी वर्षं बेडकी म्हणत आले, तिला परक्या माणसाने नाव ठेवलं आणि राग मला आला. मी तिथूनच ओरडले, "लाथ कशाला मारता हो? बैल आहे का तो?" तो माणूस हसला. तुझा सचिन हसला नाही, त्याने मान खाली घातली. तू असतीस तर त्या दोघांना चहासुद्धा न देता वाटेला लावलं असतंस. चहा मीही दिला नाही.

तू गेल्यापासून जो येतो तो म्हणतो, मंदाबाई फार गरीब स्वभावाच्या होत्या. मी ऐकून घेते. मेलेल्या माणसाबद्दल लोक असंच बोलतात, मी गेल्यावर माझ्याबद्दलही बोलतील. पण तू कुठली गरीब? फुलबाजारात एक व्यापारी वजनकाट्यावर बोट टेकवायचा, त्याचं बोट तू तसंच धरून ठेवलंस आणि अख्ख्या बाजारासमोर विचारलंस, "शेट, या बोटाचा भाव काय लावायचा?" गरीब स्वभावाची बाई असं विचारत नाही. म्हणून मी त्या लोकांसारखं लिहिणार नाही. आपण जावा. मी थोरली, तू धाकटी. एका घरात नांदायला आलो, पुढे वाटण्या झाल्या, घरं दोन झाली, दोघींचे नवरे गेले. एक अंगण तेवढं दोघींत राहिलं. त्या अंगणाबद्दल मला बोलायचं आहे आणि ज्याच्याशी बोलावं असं कोणी इथे नाही. माझा दत्ता आणि सूनबाई सकाळी कामाला जातात. त्यांची मुलं पुण्याला शिकतात. दिवसभर मी, झेंडूचा वाफा आणि समोर उभी असलेली तुझी गाडी.

त्या गाड्या आल्या तो दसरा तुला आठवत असेल. दत्ता आणि सचिन, दोघं चुलतभाऊ, तेव्हा सख्ख्यांसारखे होते. गाडी दोघांनी एकसारखी घ्यायची, रंग फक्त वेगळा, असं त्यांचं ठरलं होतं. पसंतीला आपल्या दोघींना शोरूममध्ये नेलं. मी पहिल्यांदाच असल्या ठिकाणी गेले होते, चपला बाहेर काढायच्या की आत न्यायच्या हेही मला कळेना. तू मात्र पिशवीतून झेंडूची माळ काढलीस. टाय लावलेला माणूस म्हणाला, "काकू, मायलेज सांगू का?"

"ते पोराला सांगा. मला सांगा, हार कुठं घालायचा?"

त्या माणसाला काही कळेना. तू माळ गाडीच्या तोंडासमोर धरलीस, इकडून तिकडून मापलीस. फुलं पिकवणाऱ्या घरची गाडी, दसऱ्याला तिला हार नीट बसला नाही तर बाकीचं चांगलं असून काय उपयोग, हे तुझं म्हणणं मला पटत होतं. त्या गाडीला पुढे भलीमोठी जाळी होती, दोरा बांधायला जागाच जागा. मी म्हणाले, "झालं काम. हीच घ्या."

तू तोंड वाकडं केलंस. "अक्का, हे तोंड नाय, कोंबड्यांचं खुराडं हाय."

"मग तुला काय पाहिजे?"

"हार बांधायचा नसतो, घालायचा असतो. गळा पाहिजे गळा."

आणि रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्या कंपनीचं शोरूम होतं तिथे तू आम्हा सगळ्यांना घेऊन गेलीस. तिथली ती पांढरी. पुढचं पत्र्याचं झाकण उतरत उतरत खाली गेलेलं, नाक बारीक, दिवे दोन्हीकडे वर ओढलेले. तू झाकणावर माळ ठेवलीस आणि ती खरंच एखाद्या बाईच्या गळ्यात पडावी तशी पडली. "बघा," म्हणालीस. मी बघितलं. मला ती माळ छान वाटली, गाडी आवडली नाही. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी माझ्या दारात चॉकलेटी आली आणि तुझ्या दारात पांढरी. दोन्ही कंपन्यांची नावं आपण कधी घेतली नाहीत. तुझी आणि माझी, एवढ्यावर भागत होतं.

त्यानंतर किती वर्षं आपण त्या दोन गाड्यांवर बोललो ते मला सांगता यायचं नाही. दुपारी फुलं ओवायला बसलो की समोर दोघी उभ्या असायच्या, एकीकडे माझी, एकीकडे तुझी, आणि सुई चालू असली की तोंडही चालू. मी म्हणायचे, तुझ्या गाडीचे दिवे बघ, कोणीतरी पोरीची वेणी इतकी घट्ट घातली की डोळे वर गेले. तू म्हणायचीस, तुमची गाडी बघा, जिन्याखालचं कपाट बाहेर काढून चाकं लावलीत. माझ्या गाडीच्या दारांखालून एक चंदेरी पट्टी गेलेली आहे. मला ती आवडायची, साडीला काठ असावा तशी. तू एकदा तिच्याकडे बघत म्हणालीस, "स्वस्तातल्या साडीला जर जास्त असते." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू शेवंतीची टोपली माझ्या ओट्यावर आदळलीस आणि म्हणालीस, "गाडीवरून रुसता? म्हातारपणी?" मग मी तुझ्या डिकीवर घेतलं. तुझ्या गाडीची डिकी खोल, पण तोंड इतकं अरुंद की फुलांचं कॅरेट सरळ आत जायचं नाही, आडवं करून, तिरकं करून ढकलावं लागायचं, आणि निम्मा झेंडू खाली सांडायचा. माझ्या डिकीत कॅरेट गपकन बसायचं. तू म्हणायचीस, "डिकी कोण बघतं? गाडी रस्त्याने जाताना मागून बघा." ते खरं होतं. तुझी गाडी मागून जाताना चांगली दिसायची. छप्पर अशा उताराने खाली यायचं की कुठे संपलं आणि डिकी कुठे सुरू झाली ते कळायचं नाही. हे मी तुला कधी बोलले नाही. आता लिहिलं.

वणीच्या गडावर गेलो तो दिवस मी विसरावा असं तुला कधीच वाटलं नाही, दर दसऱ्याला तू तो काढायचीसच. नवी गाडी घेतली की देवीला दाखवायची. बाकीचे लोक एक हार घालतात. आपण पडलो झेंडूवाल्या. पहाटेपासून ओवत बसलो आणि तू किती जाड करतेस ते मी बघत होते, मी किती जाड करते ते तू बघत होतीस. माझा हार शेवटी मनगटाएवढा झाला, वर आंब्याची पानं, त्यावर पुन्हा शेवंती. जाळी दिसेनाशी झाली तेव्हा मला समाधान वाटलं. नांदुरीपासून घाट लागला आणि निम्म्यात माझ्या गाडीच्या तोंडातून वाफ निघायला लागली. दत्ताने झाकण उघडलं, हार ओढून काढला आणि म्हणाला, "आई, गाडीला नाक असतं. ते तू बुजवलंस." मागून तुझी पांढरी आली आणि शेजारी थांबली. तिच्या गळ्यातला हार तसाच, एक पाकळी हललेली नाही. ती बंपरच्या खालून वारा घेते म्हणे. तू काच खाली केलीस.

"बसा अक्का, बेडकीत बसा. पोटातून श्वास घेती, पण घेती."

मी म्हणाले, "तुझ्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. चालत जाईन."

"चाला मग. देवी वाट बघती."

आणि गेलीस! मी घाटातल्या कठड्यावर बसले, माझी गाडी निवेपर्यंत. वर पोचले तेव्हा तू प्रसाद घेऊन पायरीवर बसली होतीस आणि माझ्यासाठी नारळाचा तुकडा राखून ठेवला होतास. तो मी खाल्ला. पण शब्द शब्द असतो. तुझ्या गाडीत मी बसले नाही ते नाहीच. चांदवडला माझ्या भाचीच्या सासरी जायचं तेव्हा दोन गाड्या, ओझरला लग्नाला जायचं तेव्हा दोन गाड्या. लोक हसायचे. एका अंगणातून निघायच्या, एका मांडवात पोचायच्या आणि दोघींत एकेक म्हातारी.

मग पोरांचं बिनसलं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. कोणाचं चुकलं ते मी आता काढत बसणार नाही, माझ्या पोराचंही चुकलं आणि तुझ्याही. ते बोलेनासे झाले. जेवणं, सण, सगळं वेगळं. अंगणात समोरासमोर आले तर एकजण मोबाइल काढायचा. आणि मग भिंतीचं निघालं. मधोमध भिंत घालू, म्हणजे रोज तोंड बघायला नको. दोघांच्याही मनात होतं.

मला काही सुचलं नाही. मी रडणारी बाई नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुला सुचलं. सकाळी दोघं कामाला निघायच्या वेळी तू अंगणाच्या मधोमध दोरी धरून उभी राहिलीस. एक टोक आंब्याला बांधलेलं, दुसरं तुझ्या हातात. "समजा ही भिंत," म्हणालीस. "सचिन, आता गाडी वळव."

आपलं अंगण लांब आहे, रुंद नाही. बाहेरची वाट पाटाच्या कडेने जाते आणि पाट किती खोल आहे ते सगळ्यांना माहीत आहे. गाडी आत आली की अख्खं अंगण घेऊन वळायची आणि तोंड पुढे करून बाहेर जायची. सचिनने दोरीच्या अलीकडे वळवायचा प्रयत्न केला. पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे. गाडीचं शेपूट इतकं लांब की तुळशीवृंदावनाला टेकलं. तू दोरी सोडली नाहीस. "रोज पाटाच्या कडेने उलटी नेशील? मी शेजारी बसलेली असताना?" माझा दत्ता म्हणाला, "आमच्या बाजूचा गोठा पाडला की आमची वळते." तू म्हणालीस, "तुझी वळते रे. माझीचं काय?" दत्ताला तुझ्यापुढे बोलता यायचं नाही, लहानपणी तुझ्या हातचं जेवून वाढलेला. भिंत घालायची राहिली.

दुपारी फुलं ओवायला बसलो. तू म्हणालीस, "लांब आहे म्हणून नावं ठेवत होतात." मी म्हणाले, "अजून ठेवते." एवढंच.

पण एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. ती आज सकाळी कळली. म्हणून हे लिहायला बसले, नाहीतर चौथी शिकलेल्या बाईने एवढं लिहायचं काही कारण नव्हतं.

तुझे गुडघे गेले. दोन्ही. सचिन चांगला मुलगा आहे, त्याने सांगितलं, आई, ही गाडी बदलू, उंच छोटी घेऊ, तुला चढायला उतरायला सोपी. सुनेनेही सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं. तू म्हणालीस, "नको. मला हीच बरी. सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं." माझ्याजवळही हेच. मी तुला म्हणायचे, माझ्या गाडीची बैठक बघ, खुर्चीसारखी आहे, त्यात बसून तरी बघ. तू म्हणायचीस, "तुमची खुर्ची तुम्हाला लखलाभ. आमचा सोफा आम्हाला." मला वाटायचं, ही हट्टाला पेटली आहे. नाक वर. मरेल पण माझी गाडी बरी म्हणणार नाही. मी घरी सूनबाईला म्हणालेसुद्धा, मंदाला शोभेपुढे काही दिसत नाही.

शेवटचं भांडण तू दवाखान्यात केलंस. खाटेशेजारच्या खिडकीतून खालच्या गाड्या दिसत होत्या. तुझ्या हाताला सलाइन होतं आणि तू मान वाकडी करून खाली बघत होतीस.

"अक्का, तुमची गाडी उन्हात लावली."

"लावली तर लावली."

"रंग उडंल. चॉकलेटीला ऊन सोसत नाय. पांढऱ्याला काय होत नाय."

"पांढऱ्यावर धूळ दिसते."

"धूळ धुता येती," म्हणालीस आणि डोळे मिटलेस.

माझ्याकडे उत्तर होतं. मी म्हणणार होते की धुतो कोण, तुझा सचिन तर महिनोन्‌महिने गाडीला पाणी लावत नाही, मीच सकाळी पाइप धरते तेव्हा तुझ्या गाडीवरही मारते. पण तुला झोप लागली होती. म्हटलं, उठली की बोलू. नर्सने मला बाहेर काढलं. संध्याकाळी तू बोलण्यासारखी नव्हतीस आणि मग संपलंच. म्हणजे शेवटचा शब्द तुझा राहिला. तुला हे आवडलं असतं.

दशक्रियेला गोदावरीवर दोघं भाऊ शेजारी उभे होते. मला वाटलं, आता बोलतील. माणूस गेलं की बोलतात लोक. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि ते बोलले. अंगणात उभं राहून, चांगले एकमेकांकडे बघून बोलले. सचिन म्हणाला, "ही गाडी काढून टाकतो. छोटी घेतो, ती अर्ध्या अंगणातही वळते." दत्ता म्हणाला, "मग मिस्त्रीला बोलावू का?" सचिन म्हणाला, "बोलव." इतक्या वर्षांनी त्यांचं एकमत झालं, ते भिंतीवर. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला आणि आंब्यापासून फाटकापर्यंत चुन्याची फक्की टाकून गेला. पांढरी रेघ. मी तिच्यावरून रोज तुळशीला पाणी घालायला जाते. तुळस तुझ्या बाजूला पडते.

तुला काय सांगू, रात्री नाही, मला दुपारीच भीती वाटते. भिंत झाल्यावर ओट्यावरून काय दिसेल त्याची. तुझ्या घरात आता कोणी माझ्याशी भांडणारं नाही हे मला कळतं. तुझी सून चांगली आहे, पण ती मला "बरं मोठी आई" म्हणते आणि आत जाते. तरी दार दिसतं. दिवा लागलेला दिसतो. कोण आलं, कोण गेलं, भाजी कसली शिजते, वास येतो. माझ्या वयाच्या बाईला तेवढं पुरतं. भिंतीला मी काय बोलू?

म्हणून काल ते गिऱ्हाईक गेल्यावर मी तुझ्या घरी गेले. सचिन हातपाय धूत होता. मी सरळ सांगितलं, "वर्षश्राद्ध होईपर्यंत दारात नवी गाडी येत नाही. आपल्यात चालत नाही."

त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "मोठी आई, बाबा गेले तेव्हा ट्रॅक्टर कोणी आणायला लावला? लोक नावं ठेवत होते तेव्हा तूच म्हणालीस, गेलेल्या माणसाला ट्रॅक्टरचं काय घेणं?"

मी म्हणाले होते. मला असल्या गोष्टी पटत नाहीत, आणि न पटणारी गोष्ट मी त्याला सांगायला गेले, म्हणून तोंडावर पडले. सून चहा घेऊन आली.

"गिऱ्हाईक काय म्हणालं?"

"परवा टोकन देतो म्हणाला."

"विकू नको."

"ठेवून काय करू? मी एकटा बसतो तिच्यात. हिची कंबर दुखते. आई होती तोवर ठीक होतं, तिला आवडायची. आता कोण बसणार आहे?"

"मी बसते."

सचिनने कप खाली ठेवला. सून दारातच थांबली.

"तू? तू तर बेडकी म्हणायचीस."

"म्हणायचे. जिच्याशी म्हणायचे ती गेली. मला दर गुरुवारी दवाखान्यात बीपी दाखवायला जावं लागतं. दत्ताला वेळ नसतो. तू ओझरला जाताना मला आडगाव नाक्यावर सोड, येताना घे."

दत्ताला वेळ असतो. मी खोटं बोलले. सचिनने माझ्याकडे बघितलं, त्याला किती कळलं मला माहीत नाही. म्हणाला, "उद्या सकाळी नाक्यापर्यंत जाऊन येऊ मग. बघ जमतं का."

आज गुरुवार. सकाळी त्याने तुझं दार उघडून धरलं, पुढचं, तू बसायचीस ते. मी पदर सावरला आणि बसायला गेले. मंदा, मी बसले नाही, पडले. बैठक कुठे आहे तेच कळेना, जमिनीला टेकल्यासारखी खाली. गुडघे छातीशी आले. डोकं वरच्या उताराला आपटलं, तेच छप्पर जे मागून इतकं छान दिसतं. पाय लांब करावे तर पुढे जागा नाही. हात टेकायला गेले तर हाताला एक चिंधी लागली. दारावरच्या मुठीला तू साडीच्या जुन्या काठाची गाठ बांधून ठेवली होतीस, धरून उठायला. हिरवा काठ. गाठ हाताच्या मळाने काळी पडलेली. आणि खाली बघितलं तर बैठकीवर गोधडीची चौपदरी घडी, तिच्यावर दुसरी, उंची वाढवायला. तरी एवढं खाली.

सचिन गाडी चालवत होता. पाटाच्या वाटेवर खड्डा आला की मला कमरेपासून मानेपर्यंत कळत होतं. बाहेर काही दिसत नव्हतं, नुसतं आभाळ आणि द्राक्षबागांची वरची तार. नाक्याच्या आधी गतिरोधक आला, गाडीचं पोट घासलं आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. मी खोकल्यासारखं केलं.

हा तुझा सोफा. यात तू त्या गुडघ्यांनी बसत होतीस, उठत होतीस, दवाखान्यात जात होतीस, परत येत होतीस आणि अंगणात उतरताना माझ्याकडे बघून हसत होतीस. मी ओट्यावरून बघायचे, तू दाराला धरून उभी राहायचीस, लगेच चालायची नाहीस. मला वाटायचं मला दाखवते, बघा कशी गाडीतून उतरले. तू पाय सरळ होण्याची वाट बघत होतीस. गाडी बदलली की भिंत झाली असती हे तुला माहीत होतं. एवढं माहीत असून तू मला कधी सांगितलं नाहीस. मला सांगितलं असतंस तर मी तुला बसू दिलं नसतं, भिंत तर भिंत म्हणाले असते, म्हणून सांगितलं नाहीस. मी तुला शोभेची म्हणाले. सूनबाईजवळ म्हणाले. तुझ्या तोंडावर म्हणाले असते तर बरं झालं असतं, तू काहीतरी वाईट बोलली असतीस आणि फिटलं असतं.

येताना सचिनने विचारलं, "आई म्हणायची, सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं. तुला कसं वाटलं?"

मी त्याच्याकडे बघितलं नाही, नाहीतर कळलं असतं. "अगदी सोफा. मीच इतकी वर्षं बसले नाही."

"खरंच?"

"मी कधी कोणाला बरं वाटावं म्हणून बोलते का?"

तो हसला. म्हणाला, "नाही. ते खरं." अंगणात त्याने गाडी वळवली, अख्खं अंगण घेऊन, एका दमात, फक्कीच्या रेघेवरून पुढची चाकं गेली आणि मागची गेली. गाडी तुझ्या जागेवर उभी केली आणि म्हणाला, "बरं. त्या माणसाला नको म्हणून सांगतो. मिस्त्रीचं दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर म्हणजे नाही नव्हे. मला कळतं. पुन्हा विचारील, सून पुन्हा कंबर धरील. मी दर गुरुवारी बसले तर तो ओढत नेईल हे वर्ष, कदाचित पुढचं.

उतरायला मला वेळ लागला. हिरवा काठ धरला, एक पाय बाहेर काढला, मग दुसरा, आणि दाराला धरून उभी राहिले, पाय सरळ होईपर्यंत. दत्ता आमच्या ओट्यावर बूट घालत होता. आज उशिरा निघाला होता. तो तसाच थांबला, एक बूट हातात.

"आई? तू त्यांच्या गाडीत?"

"हो."

"आपली काय बिघडली?"

दोन्ही घरांची दारं उघडी होती. तुझी सून दारात, माझी सून दारात, सचिन किल्ली हातात घेऊन उभा. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाले, "ही आपल्यापेक्षा बरी आहे."

एवढं एक वाक्य तुला किती वर्षं ऐकायचं होतं. ते मी बोलले तेव्हा खोटं होतं आणि ऐकायला तू नव्हतीस. मी ओट्यापर्यंत चालत गेले, वाटेत थांबले नाही, कारण सगळे बघत होते. आत जाऊन मग बसले. गुडघ्यांना तेल लावलं. अजून ठणकतात. पुढच्या गुरुवारी पुन्हा बसायचं आहे.